वाघ, रिव्हॉल्व्हर आणि रात्रीची जागल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझी सगळी नोकरी वनखात्यात झाली आणि त्यातली बरीच वर्षं यवतमाळ जिल्ह्यात गेली. निवृत्त झालो तरी गावोगावच्या सभांना लोक अजून बोलावतात. पांढरकवडा, राळेगाव, झरी, घाटंजी, कुठंही गेलो तरी सभा संपताना मागच्या रांगेतला एखादा तरुण उठतो आणि एक प्रश्न हमखास विचारतो. "सायेब, तुमचं सगळं खरं हाय. पन आमाले रिव्हॉल्व्हरचं लायसन काहून नाई भेटत? कमरेले एक असती तं वाघाची काय हिंमत होती?"

सभेत हशा पिकतो, पण विचारणारा हसत नसतो. त्याला त्या रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला जायचं असतं. पऱ्हाटी खांद्याएवढी वाढलेली, हातात एक टॉर्च, एक काठी, आणि सोबत कुत्रं असलं तर असलं. अशा माणसाला नुसतं 'कायदा परवानगी देत नाही' असं उत्तर देणं मला बरं वाटत नाही. म्हणून आज हा प्रश्न जरा नीट उलगडून बघू. मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर म्हणजे काय, त्याचं काडतूस काय करू शकतं, काय करू शकत नाही, आणि आपल्या वावरात त्याचा कितपत उपयोग आहे?

ही कल्पना जन्मली आपल्याच देशात. एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेब आणि संस्थानिक हत्तीवर बसून वाघाची शिकार करत. त्या वेळच्या बंदुका तोंडाकडून ठासायच्या. एकदा बार झाला की पुन्हा भरायला वेळ लागे. जखमी वाघ त्या वेळात हत्तीच्या मस्तकावर नाहीतर पुठ्ठ्यावर झेप घेई आणि थेट हौद्यापर्यंत पोहोचे. अशा वेळी लांब बंदूक वळवायलाही जागा नसे. म्हणून बंदूकवाल्यांनी आखूड, दोन नळ्यांचं, दांडग्या तोंडाचं पिस्तूल बनवलं. इंग्रजीत त्याचं नावच 'हाउडा पिस्तूल' पडलं, म्हणजे आपल्या हौद्यावरूनच. पुढे काडतुसं आल्यावर अशी पिस्तुलं .५७७ बोअरपर्यंत गेली. म्हणजे नळीचं तोंड साडेचौदा मिलिमीटरच्या वर.

या हत्याराचं काम काय होतं ते ध्यानात ठेवा. वाघ मारण्याचं काम रायफलचं होतं. सगळं बिनसल्यावर, जनावर अंगावर आल्यावर, हातभर अंतरावरून शेवटचा बार टाकायचा, एवढ्यासाठी हे पिस्तूल होतं. आणि ते वापरणारा जमिनीवर उभा नसून हत्तीवर बसलेला असे, भोवती माहूत, हाकेवाले आणि दुसरे बंदूकधारी असत.

हाच विचार पुढे अमेरिकेत वाढला. तिकडे रानात मोठी अस्वलं, गुरं राखणारे घोडेस्वार, आणि हातात सतत लांब रायफल घेऊन काम करणं अवघड. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम हे काडतूस आलं. आयडाहो राज्यातला एल्मर कीथ नावाचा एक गुरंपाळ आणि शिकारी तेवढ्यावर समाधानी नव्हता. त्याने जुन्या .४४ काडतुसात बारूद वाढवून, वजनदार आणि चपट्या नाकाच्या शिशाच्या गोळ्या घालून वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्यातून १९५५ च्या सुमारास .४४ मॅग्नम बाजारात आलं. १९७१ च्या 'डर्टी हॅरी' या चित्रपटाने ते जगभर गाजवलं. पुढे .४५४ कॅसुल आलं आणि २००३ मध्ये .५०० मॅग्नम.

हे आकडे म्हणजे गोळीची जाडी, इंचात. .५०० म्हणजे अर्धा इंच. .४४ चं मात्र नाव जुनं राहिलं आहे, प्रत्यक्षात ती गोळी .४२९ इंचाची, म्हणजे अकरा मिलिमीटरला किंचित कमी असते.

आता या काडतुसांच्या ताकदीचा हिशेब करू. ताकद ज्यूलमध्ये मोजतात. आपल्याकडे परवानाधारकांच्या हाती बहुतेक वेळा दिसतं ते .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर. कानपूरच्या सरकारी कारखान्यात ते बनतं. २०१४ मध्ये निघालेलं 'निर्भीक' हेही .३२ चंच. त्याच्या गोळीची ताकद साधारण १५० ज्यूल. म्हणजे पंधरा किलोचं गाठोडं एक मीटरवरून खाली पडलं तर जेवढा दणका बसेल तेवढी. .३५७ ची सुमारे ७०० ज्यूल. .४४ मॅग्नमची १,००० ते १,३०० ज्यूल. .४५४ कॅसुलची २,४०० च्या आसपास. आणि .५०० ची ३,४०० च्या आसपास, म्हणजे साडेतीन क्विंटल कापूस एक मीटरवरून पडावा एवढी. बारा बोअरच्या बंदुकीतली एकसंध शिशाची गोळी ३,००० ज्यूलच्या आसपास जाते. आणि जगभर मोठ्या जनावरांसाठी वापरली जाणारी .३७५ ची रायफल, जी १९१२ पासून चालत आली आहे, ती साडेपाच हजारांच्या वर.

यातून दोन गोष्टी लगेच कळतात. पहिली, आपल्याकडचं .३२ हे जनावरासाठी बनलेलंच नाही. रानडुकराच्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखी जाड ढाल असते. .३२ ची हलकी, मंद गोळी तिच्यापुढे अगदीच तोकडी पडते. डुक्कर पडत नाही, चिडतं. दुसरी, जगातलं सर्वांत दांडगं म्हणवणारं रिव्हॉल्व्हरसुद्धा ताकदीत मोठ्या रायफलच्या खालीच राहतं. शिवाय लांब नळीचं .५०० चं रिव्हॉल्व्हर दोन किलोच्या आसपास वजनाचं, त्यात गोळ्या पाच, आणि झटका असा की सराव नसलेल्या माणसाचा दुसरा बार आभाळात जावा.

तरीही तो तरुण म्हणेल, "सायेब, ताकद कमी असो, लागली तं पाहिजे ना." इथं सिनेमाने आपला घोटाळा केला आहे. पडद्यावर गोळी लागली की माणूस मागे फेकला जातो. प्रत्यक्षात तसं होत नाही. एकशेऐंशी किलोचा वाघ ताशी पन्नास किलोमीटरने अंगावर येत असेल, तर .५०० ची गोळी त्याच्या रेट्याच्या दीडशेव्या हिश्श्याहूनही कमी रेटा लावते. धावत्या बैलाला लिंबू फेकून मारल्यासारखं. गोळी जनावराला ढकलून थांबवत नाही. ती आत जाऊन काहीतरी तोडते, तेव्हाच जनावर थांबतं.

जागच्या जागी थांबतं ते फक्त दोन ठिकाणी लागली तर, मेंदूत किंवा मणक्यात. काळजात लागली तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर जनावर दहा-पंधरा सेकंद हालचाल करू शकतं. दहा सेकंदांत वाघ काय करू शकतो हे मी सांगायला नको. म्हणून मोठ्या जनावरासाठीची गोळी फुगून फुटणारी नको, जड आणि टणक हवी, म्हणजे हाड फोडून खोल जाईल. कीथने चपट्या नाकाची वजनदार गोळी घडवली ती याचसाठी. पण ती मेंदूत किंवा मणक्यात नेऊन घालणारा हात कुठून आणायचा?

आता आपल्या वावरात या. पऱ्हाटीत किंवा तुरीत वाघ दिसतो तो फार तर दहा मीटरवर. तेवढं अंतर तो एका सेकंदाच्या आसपास कापतो. सराव असलेला नेमबाजसुद्धा कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून पहिला बार टाकायला दीड-दोन सेकंद घेतो, तेही उजेडात आणि सावध असताना. आपला माणूस अंधारात, चिखलात, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात फावडं घेऊन उभा. त्यात वाघ आणि बिबट बहुधा मागून किंवा बाजूने येतात. वाकून कापूस वेचणारा, खाली बसलेला माणूस त्यांना चार पायांच्या सावजासारखा भासतो. अस्वल तर मोहफुलांच्या दिवसांत झाडाखाली अवचित समोर उभं राहतं आणि पहिला पंजा तोंडावर मारतं.

म्हणजे तज्ज्ञाच्या हाती सर्वोत्तम हत्यार असलं तर काम सोपं होतं का? याचंही उत्तर आपल्याच जिल्ह्याने पाहिलं आहे. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा भागातल्या १३ माणसांच्या मृत्यूंशी एका वाघिणीचं नाव जोडलं गेलं. वनखात्याच्या कागदांत ती टी-१, वर्तमानपत्रांत अवनी. तिला पकडण्यासाठी कॅमेरा ट्रॅप, ड्रोन, पॅराग्लायडर, शिकारी कुत्री, हत्ती, सगळं आणलं गेलं. त्यातला एक हत्ती साखळी तोडून सुटला आणि त्याने एका बाईचा जीव घेतला. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात असगर अली खान यांच्या रायफलच्या गोळीने ती मेली. आधी बेशुद्धीचा बाण मारला, ती उलटून अंगावर आली म्हणून जवळून गोळी झाडली, असं त्यांच्या बाजूने सांगण्यात आलं. ती खरंच अंगावर येत होती का, बाण कसा मारला गेला, नियम पाळले गेले का, यावर पुढे चौकश्या झाल्या. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने नियमभंग झाल्याचं नोंदवलं.

त्या वादात आज मी शिरत नाही. गावोगाव लोकांनी फटाके फोडले, आणि शहरांत लोकांनी मेणबत्त्या लावल्या. दोघांच्याही भावना मी समजू शकतो. माझा मुद्दा एवढाच की रायफल, गाडी, प्रकाशझोत आणि अनुभवी नेमबाज एवढं सगळं असतानाही एका वाघिणीसाठी महिनोन्‌महिने लागले. एकट्या शेतकऱ्याच्या कमरेच्या रिव्हॉल्व्हरकडून आपण किती आशा ठेवायची?

कायद्याबद्दलही दोन शब्द. गावात समज असा की वाघ अंगावर आला तरी हात उचलायचा नाही, नाहीतर तुरुंग. तसं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने जनावर मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा नाही. अट एक, तेव्हा तो माणूस स्वतः त्या कायद्याविरुद्ध काही करत नसावा, म्हणजे चोरून शिकारीला गेलेला नसावा. आणि मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. कातडं, नखं, मिशा, कशालाही हात लावायचा नाही. तेव्हा कुऱ्हाडीने किंवा काठीने जीव वाचवलात तर घाबरू नका, लगेच वनरक्षकाला कळवा.

बंदुकीचा परवाना हा १९५९ च्या शस्त्र कायद्याचा विषय. पीक संरक्षणासाठी परवाना मिळू शकतो, पण तो बहुधा भरमार किंवा बारा बोअरच्या बंदुकीचा असतो. ती सांभाळावी लागते, कुलपात ठेवावी लागते, आणि निवडणूक आली की अनेकदा ठाण्यात जमा करावी लागते. बंदूक घरात आली म्हणजे भावकीतल्या धुऱ्याच्या भांडणाच्या वेळीही ती घरातच असते, हेही विसरू नये. कर्जाने पिचलेल्या, रात्र रात्र जागणाऱ्या घरात भरलेलं हत्यार असणं म्हणजे काय, हे यवतमाळच्या माणसाला मी वेगळं समजावून सांगत नाही.

ज्या देशात ही मोठी काडतुसं जन्मली, तिथलाच अनुभव आता ऐका. अमेरिकेच्या अलास्का प्रांतात अस्वलांची भीती मोठी आणि बंदूक बाळगायला मुभा. तिथे टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या संशोधकांनी सहकाऱ्यांसह अस्वलाशी गाठ पडल्याच्या जुन्या नोंदी तपासल्या. २००८ मध्ये त्यांनी मिरचीच्या फवाऱ्याबद्दल लिहिलं. फवारा जवळ असलेल्या माणसांपैकी ९८ टक्के सुखरूप सुटली होती. २०१२ मध्ये बंदुकांबद्दल लिहिलं. त्यात आढळलं की अस्वल अंगावर आल्यावर ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांच्याकडे असूनही चालवली नाही, त्यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता. पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं अनेक वेळा उपयोगी पडली, हेही त्यांनीच नोंदवलं. पण त्यांचा सल्ला एकच, की हत्यार दुय्यम. आधी सावधपणा, आवाज करत चालणं आणि सोबत.

हत्यार नाही म्हणून आपल्याकडे लोक जे करतात, त्याची मला वाघापेक्षा जास्त भीती वाटते. कुंपणाच्या तारेत थेट लाइनीवरून करंट सोडायचा. डुकरासाठी सोडलेल्या त्या तारेला विदर्भात वाघ चिकटून मेले आहेत, आणि माणसंही. पहाटे परसाकडे निघालेला शेजारी, ढोरं शोधत आलेला गुराखी, कधी तार लावणारा स्वतःच. गोळी निदान कुणावर झाडायची ते बघून झाडतात. तारेला डोळे नसतात. हा सरळ सरळ गुन्हा आहे आणि घरादाराचा सत्यानाश आहे.

त्याऐवजी सौर कुंपण, ज्याला आपण झटका मशीन म्हणतो, ते घ्या. दोन्हींत फरक काय? लाइनीचा करंट अखंड वाहतो आणि चिकटलेल्याला सोडत नाही. झटका मशीन सेकंदाला साधारण एकदा, क्षणभराचा ठोका देतं. दाब हजारो व्होल्टचा, पण ताकद फक्त मोजक्या ज्यूलची. डुक्कर, रोही दचकून मागे सरतात, कुणी मरत नाही. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून यासाठी अनुदान मिळत आलं आहे. वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. तारेखालचं गवत मात्र कापत राहायला हवं, नाहीतर ठोका जमिनीत जिरतो. गंमत बघा. जनावर अंगावर आल्यावर ३,४०० ज्यूलही भरवशाचे नाहीत, आणि ते धुऱ्याबाहेर असतानाच मोजके ज्यूल पुरतात.

झटका मशीन पिकासाठी. माणसासाठी सर्वांत मोठं संरक्षण म्हणजे दिवसाची वीज. रात्रीच्या पाळीने वीज येते म्हणून माणूस रात्री वावरात जातो, आणि रात्रच वाघा-बिबटाची वेळ. २०१७ मध्ये शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या दोन ठिकाणांत नगर जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी होतं आणि आपल्या जिल्ह्यातलं कोळंबी. माझ्या मते ही योजना शेतीची तर आहेच, पण माणूस आणि वाघ या दोघांच्याही बचावाची आहे. ग्रामसभेत रिव्हॉल्व्हरच्या परवान्याची मागणी करण्यापेक्षा, आपल्या फीडरला दिवसा वीज कधी, हे विचारा. लेखी विचारा.

जावंच लागलं तर एकट्याने जाऊ नका. तिघं मिळून पाळी लावा, आज तुझं वावर, उद्या माझं. बोलत चला, काठी आपटत चला, मोबाइलवर गाणी लावा. मचाण जमिनीपासून चांगलं उंच बांधा. कापूस वेचताना आणि मोहफुलं वेचताना एकाने उभं राहून चौफेर बघत राहावं. आमच्या कोलाम पोडावरची म्हातारी माणसं रानात शिरण्यापूर्वी लांबूनच हाळी देतात. एकदा एका आजोबांना कारण विचारलं. ते म्हणाले, "त्याले उठून जाले टाइम द्या लागते, सायेब." जनावराला आपण येतोय हे कळू द्यायचं, म्हणजे ते वाट सोडतं. अलास्काच्या शास्त्रज्ञांचा सल्लाही यापेक्षा फार वेगळा नाही.

टिपेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. तिथे वाघ वाढले आणि तरुण वाघ जागा शोधायला बाहेर पडू लागले. २०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेतं, रस्ते, गावं ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. गळ्यातल्या पट्ट्यामुळे कळलं की तो हजार किलोमीटरहून अधिक चालला होता. एवढ्या वाटेत किती वावरं लागली असतील, किती माणसं रात्री पाणी देत असतील! बहुतेकांना तो शेजारून गेल्याचं कळलंही नसेल. म्हणजे वाघ आपल्या वावरातून जाणार आहे, आज ना उद्या. प्रत्येक धुऱ्यावर बंदूकधारी उभा करणं कुणालाच जमणार नाही. दिवसाची वीज, झटका मशीन, सोबतीची पाळी आणि दुरून दिलेली हाळी, एवढं मात्र जमण्यासारखं आहे.

तो तरुण पुढच्या सभेत पुन्हा विचारील, याची मला खात्री आहे. त्याने विचारावं. पण त्या रात्री वावरात जाताना त्याने शेजाऱ्याला हाक मारावी, एवढंच माझं त्याला आणि तुम्हा सर्वांना सांगणं आहे.